पंच्याऐंशीची लेन्स आणि आईचं कपाळ

आईचं परतीचं विमान शनिवारी होतं आणि मंगळवार उजाडला तरी आमच्या घरात लेन्स ठरत नव्हती.

दोन हजार सहा सालची गोष्ट. सनीव्हेलला आमचं एका बेडरूमचं अपार्टमेंट होतं आणि आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आली होती. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत पासपोर्ट-व्हिसाचा सोडला तर आईचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा निघाला की ती उठायची, "गॅस बघून येते" म्हणायची आणि स्वयंपाकघरात गडप व्हायची. आमच्याकडे गॅस नव्हताच, इलेक्ट्रिक शेगडी होती. मी हट्टाला पेटले होते. मला माझ्या घरात लावायला माझ्या आईचा फोटो हवा होता, आत्ताच्या आईचा. तिचा पुढचा व्हिसा, तिची तब्येत, माझी नोकरी, कशाचा म्हणून भरवसा नव्हता. पाच महिने मी पिच्छा पुरवला तेव्हा कुठे ती म्हणाली, "काढा एकदाचा. पण एकदाच हं, परत परत बसणार नाही मी."

आणि इथं आमच्या नवऱ्याचं घोडं अडलं. हा चिप टेस्टिंगमधला माणूस. साधा तवा घ्यायचा तरी आधी एक्सेल शीट. नव्या कॅमेऱ्याबरोबर झूम लेन्स आलेली होती, पण ती म्हणे माणसांच्या फोटोला कामाची नाही, मऊ, म्हणजे पुसट येतं सगळं. प्राइम हवी. म्हणजे जिला झूम नसतो, पुढंमागं आपल्याच पायांनी व्हायचं. मग पन्नास एमएमची की पंच्याऐंशीची? रोज ऑफिसातून आला की फोरमवर. तिथं जगभरातले रिकामटेकडे विटांच्या भिंतींचे फोटो टाकून कोपऱ्यातली वीट कुणाची शार्प यावर भांडत होते. शेवटी यानं आपल्या लोकांचा नेहमीचा तोडगा काढला: दोन्ही मागवू, नको ती रिटर्न करू. मग दोन्हींनी फोटो काढून पार्किंगमधलं कुंपण झालं, तूरडाळीच्या पिशवीवरची बारीक अक्षरं झाली. पंच्याऐंशी जिंकत होती, पण याला खात्री वाटेना.

"तूरडाळ आपल्याकडेच राहणार आहे," मी म्हटलं. "आई शनिवारी जातेय. आज काढला नाहीस तर दोन्ही लेन्सेस बाल्कनीतून खाली जातील."

त्यानं त्या दिवशी वर्क फ्रॉम होम घेतलं.

आईनं अंघोळ केली, फिक्या जांभळ्या रंगाची साडी नेसली आणि रोजच्यासारखा देवापुढचा अंगारा कपाळाला लावला. बाबा गेल्यापासून हे तिचं सुरू झालं होतं. आधी कधी एवढी देवदेव करणारी नव्हती ती. मला वाटायचं, असतो एकेकाचा आधार, आपण कशाला बोला. खिडकीपाशी खुर्ची ठेवली. आई बसली ती दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखी, पदराचं टोक मुठीत धरून.

"आई, जरा डावीकडे बघा. हां. हनुवटी थोडी वर."

चार-पाच क्लिक झाले. मी श्वास रोखून उभी. एकदा ती उठली असती तर परत बसली नसती.

नवऱ्यानं लगेच कार्ड लॅपटॉपला लावलं. फोटो आला. माझी आई. मला एकदम भरून आलं. पण हा कुठला थांबतोय? यानं फोटो मोठा केला. आणखी मोठा. पडद्यावर नुसता डोळा. "बघ, पापणीचा केस न् केस मोजता येतोय," म्हणाला आणि खूश होऊन वर सरकला, कपाळावर. तिथं थांबला.

भुवयांच्या मधोमध, अंगाऱ्याच्या पट्ट्याखाली, एक फिकट गोल होता. रुपयाएवढा. कडा अगदी स्वच्छ.

"फ्लेअर आलाय," तो म्हणाला. "खिडकीचा उजेड आत शिरलाय. आई, तुम्ही बसा, मी पडदा ओढतो."

पडदा ओढून परत काढला. गोल तिथंच. मग पन्नासची लावून काढला. थोडा पुसट, पण तिथंच. तो फोरमच्या भाषेत पुटपुटायला लागला, कोटिंग, रिफ्लेक्शन, आणि शेवटी म्हणाला, "दोन्ही पीस खराब दिसतायत. परत पाठवायला लागणार."

मला तोवर कळलं होतं. मी त्याला खुणा करत होते, गप्प बस म्हणून. पण हा माणूस लॅपटॉपमध्ये शिरला की बाजूला ढोल वाजवला तरी ऐकू जात नाही. आई खुर्चीवरून उठून त्याच्या मागं येऊन उभी होती.

"भिंग चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली. "ते माझ्या कपाळावर आहे."



मग तिनंच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटवायची टिकली, तिच्या गोंदानं कातडीचा रंग गेला. बाबा होते तोवर टिकलीखाली झाकलेलं होतं, दिसतंय कुणाला. बाबा गेले, टिकली गेली आणि ते उघडं पडलं. तेराव्याला (मला येता आलं नव्हतं) जाऊबाई, म्हणजे माझ्या मोठ्या काकू, सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, हिला कोड फुटलंय. "डॉक्टरनं सांगितलं, कोड नाही म्हणून. पण डॉक्टर काय घरोघर जाऊन सांगतो का? मग अंगारा लावायला लागले."

तीन वर्षं. दर रविवारी मी फोन करत होते आणि दर रविवारी ती म्हणत होती, सगळं ठीक आहे. मला काकूंचा भयंकर संताप आला आणि आईचाही आला, मला न सांगितल्याचा.

नवरा बिचारा पांढराफटक पडला होता. "आई, सॉरी. हे कॉम्प्युटरवर एका मिनिटात जातं, मी काढून टाकतो."

"हात लावायचा नाही," मी ओरडले.

"थांबा दोघंही," आई म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. नळाचा आवाज आला. नळ बंद झाला तरी ती येईना. मी दाराशी जाऊन उभी राहिले, हाक मारायचं धाडस होईना.

बाहेर आली तेव्हा अंगारा धुतलेला होता. मी आरशाला चिकटवून ठेवते त्या टिकल्यांमधली मरून रंगाची, सगळ्यांत मोठी, तिनं लावली होती. फिकट गोल बरोब्बर झाकला गेला होता.

"आई, त्याच गोंदानं झालं ना ते?"

"जायचा तो रंग गेलाय आता," ती खुर्चीत बसत म्हणाली. "काढा हो. कुठलं ते चांगलं भिंग, त्यानंच काढा."

यानं पंच्याऐंशी लावली. आईनं या वेळी पदर मुठीत धरला नाही. ती सरळ लेन्समध्ये बघत होती.

त्या फोटोत तिच्या गळ्यावरच्या सुरकुत्या दिसतात, ओठावरची लव दिसते, डोळ्यांतली आमची खिडकी दिसते. गुरुवारी मी तो मोठा प्रिंट करून आणला. आईनं खूप वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आलाय. इथं लाव. तिकडं कुणाला ईमेल करायचा नाही." "आणि तिकडं विचारलं तर?" "तिकडं तो आधीचा पाठव, अंगाऱ्याचा."

टिकली मात्र तिनं काढली नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, ती लावूनच भाजी चिरत होती, खालच्या लॉनवर फिरून येत होती. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बोलले तर ती काढून टाकेल अशी भीती वाटायची. शनिवारी गाडीतही होती. मला वाटायला लागलं, जाईल ही अशीच, बघू दे काय बघायचं ते सांगलीला.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी आईनं बॅग खाली ठेवली आणि नखानं टिकली सोडवायला लागली.

"राहू दे ना, आई."

"आणि घरी पोचल्यावर? जाऊबाई भाकरतुकडा घेऊन दारात असतील. त्यांना उत्तर द्यायला तू येणार आहेस?"

मला सोमवारी ऑफिस होतं.