चाचीच्या कोंबड्या आणि आमचा उकिरडा

भाचीच्या बाळाचं बारसं कुंभारीला, माझ्या माहेरी झालं… आणि पाळण्याभोवती आमच्यापेक्षा माश्याच जास्त जमल्या होत्या. नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा. मी पडले आईची आत्या, त्यामुळे माझ्याकडे पुठ्ठ्यानं माश्या हाकलायचं काम आलं.

भावानं गोठ्यात आणि उकिरड्यावर औषध मारून बघितलं होतं. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. त्यात बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, माश्या बसल्या तर बाळाला जुलाब होतील, आणि बाळंतिणीच्या खोलीजवळ फवाराही मारायचा नाही. दोन्हीकडून कोंडी!

शेवटी पंगतीतच भावानं जाहीर करून टाकलं… येत्या बाजाराला म्हैस विकायची. शेण नको आणि माश्याही नकोत.

अप्पा, म्हणजे माझे वडील, ताटातला लाडू तसाच ठेवून उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. ही म्हैस, शेवंता, म्हणजे आईनं वाढवलेल्या म्हशीची रेडी. आई गेल्यापासून अप्पा दिवसभरात जे काही बोलतात, ते बहुतेक तिच्याशीच. भावाचंही चुकत नव्हतं, नातवाची काळजी त्यालाही होतीच. पण अप्पांची पाठ बघून मला पंगतीत बसवेना.

घुगऱ्या वाटायच्या होत्या म्हणून मी मागच्या घरी मुमताज चाचीकडे गेले. तिचं परसदार आणि आमचं परसदार एकमेकांना लागून. पूर्वी मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. गेल्या वर्षी भावानं तिथं भिंत बांधली, वर गुलाबी रंग दिला… अगदी शाळेसारखा.

त्या कुंपणाला एक भगदाड होतं आणि त्यातून चाचीच्या कोंबड्या आमच्या उकिरड्यावर यायच्या. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. आजीला तर कोंबडीचं पीस परसात दिसलं तरी बडबडायला दिवसभर पुरायचं. ती ओसरीवर बसून असायची, आणि आई रोज पहाटे मागं जाऊन 'हाड… हाड…' असं ओरडायची की बस. आमची सकाळ त्या आवाजानंच व्हायची. चुलीचा धूर, धारेचा चर्र आवाज आणि आईचं हाड हाड… आईला कोंबड्यांचा भारी राग आहे, अशी आम्हा भावंडांची पक्की समजूत होती.

अप्पा संध्याकाळी भगदाडात काटे लावायचे. सकाळी बघावं तर पुन्हा भगदाड. कोंबड्याच उचकटतात मेल्या, असं आई सांगायची.

म्हैस विकायचं ठरल्याचं सांगताच चाचीनं का म्हणून विचारलं. मी माश्यांचं रामायण सांगितलं, आणि बोलता बोलता त्या उचकटलेल्या काट्यांची आठवण निघाली. चाची पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"कोंबडी काय काटं उचकटती व्हय? तुजी आईच काडायची की. उकिरडा खोऱ्यानं वरखाली करून ठिवायची, मग मला हळूच हाक मारायची, सोड गं आता. वरडायची ती सासूला ऐकू जावं म्हून. शेणात अळी हाय तवाच कोंबडीनं टिपली, तर माशी हुतीच कुटं? तुमची भिंत झाली, तवापासनं कोंबड्या आमच्याकडंच."

मी तिथंच पायरीवर बसले. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही थांबत नव्हते. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तिचं सगळं आपल्याला माहीत आहे असं धरून चालले होते… आणि तिची एक कोरी करकरीत गोष्ट हाती लागली.

तशीच घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते शेवंताच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हंजे रोज मी काटं लावायचो… आन ती काडायची." आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. हसता हसताच कोपऱ्यातली पहार उचलली.

भाऊ रंगासाठी कळवळला, पण अप्पांनी भिंतीला खाली, कोंबडी येईल एवढं भगदाड पाडलंच. चाचीची अट एकच होती, आधी फवारा बंद, नाहीतर तिच्या कोंबड्या मरतील. म्हणून औषध मारलेला सगळा उकिरडा ट्रॉलीत भरून शेतात नेऊन टाकला, खालची जागा उन्हात वाळवली, आणि मग नव्या शेणावर कोंबड्या सोडल्या. महिनाभर बघू, फरक नाही पडला तर म्हैस बाजारात, असं भावानं बजावलं होतं.

महिना उलटला, तशी काल पुन्हा मुक्कामाला गेले. माश्या अगदी गेल्यात असं नाही, एखाद-दुसरी घोंगावते. बाळावर जाळी आणि ताटावर झाकण अजून आहेच. पण पुठ्ठा हातात घ्यावा लागला नाही. बाजाराचा विषय कुणी काढला नाही, आणि भगदाडाची कड भावानं उरलेल्या गुलाबी रंगानं नीट रंगवून घेतलेली दिसली…

आज पहाटे जाग आली ती आवाजानं. मागं जाऊन बघते तर अप्पा खोरं घेऊन उभे, चाचीच्या कोंबड्या रांगेनं भिंतीतून आत येतायत, शेवंता निवांत रवंथ करतेय… आणि अप्पा आईच्याच सुरात ओरडतायत, 'हाड… हाड…'

ओसरीवर आता ऐकायला कुणी नाही. कोंबड्यांपैकी एकही मागं फिरली नाही. पण मला मात्र कितीतरी वर्षांनी माहेरी सकाळ झाल्यासारखं वाटलं.