चौदा पावलांपुरतं गाणं

भालचंद्र मोडकांनी आयुष्यात एकच गोष्ट न मोजता केली, ती म्हणजे लग्न. असं त्यांची बायको लतिका सांगते. बाकी सगळं मोजून. फरीदाबादला ट्रॅक्टरच्या कारखान्यात ते तीस वर्षं तपासणीला होते. गिअर हातात घ्यायचा, गेज लावायचं, आणि केसाएवढा फरक निघाला तरी लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे रिजेक्ट. घरी आल्यावर तरी माणसानं विसरावं की नाही? पोळी जरा वाकडी झाली तर तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण ताटात अशी फिरवून फिरवून बघायचे!

"लावा, लाल ठिपका लावा," लतिका म्हणायची. "आणि उद्यापासून जेवा कँटीनमध्ये."

या माणसाला वेड एकच, गाण्याचं. गात नव्हते हां, देवाची कृपा. गळा असा की आरती म्हणायला लागले तर समोरच्या ब्लॉकमधला कुत्रा साथ द्यायचा. पण कान मात्र पक्का. दर हिवाळ्यात दोन बस बदलून दिल्लीच्या मोठ्या संगीत महोत्सवाला जायचे. सुरुवातीच्या वर्षांत तिथं सतरंजीवर बसून गाणं ऐकायला मिळायचं, गवयाच्या कपाळावरचा घाम दिसायचा. मग एक्याण्णव-ब्याण्णवनंतर देशात जिकडेतिकडे नवीन पैसा खेळायला लागला, तसा तो महोत्सवातही आला. मंडप वाढला. पुढं सोफे आले. सोफ्यांसाठी पास आले, आणि पासांसाठी ओळखी. अठ्ठ्याण्णव साली मोडकसाहेब त्रेचाळिसाव्या रांगेत बसले होते. तिथून गवई अंगठ्याएवढा दिसत होता. साबणाच्या कंपनीचं भाषण पस्तीस मिनिटं चाललं आणि गाणं बावीस. घड्याळ लावून मोजलंन् त्यांनी, दुसरं काय करणार!

आणि सगळं संध्याकाळी. दर वर्षी यमन, दर वर्षी बागेश्री. सकाळचे राग बिचारे वर्षानुवर्षं पेटीत. मोडकांनी हिय्या करून एका आयोजकाला गाठलं आणि विचारलं, तोडी कधी ऐकवणार? तो हसला. "अंकलजी, सुबह सुबह कौन आएगा?"

झालं. ते वाक्य जे यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढच्याच वर्षी रिटायर झाले आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं, "आपण सकाळचं संगीत संमेलन करायचं. खालच्या पार्कात."

"आपण म्हणजे कोण?" लतिकानं विचारलं.

"तू आणि मी."

"मी आणि मी," ती म्हणाली, पण पोहे किती लागतील याचा हिशेब तिच्या मनात तेव्हाच सुरू झाला होता. तिची ही जुनी खोड आहे.

पार्क सोसायटीचं, आणि सोसायटी चड्ढाजींची. म्हणजे कागदावर ते फक्त अध्यक्ष होते, पण त्यांच्या परवानगीशिवाय तिथं फुलपाखरूसुद्धा बसत नसे. त्यांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. जानेवारीतला एकच रविवार, आणि लाउडस्पीकर अजिबात नाही. "संडे है मोडक साहब, लोग सोते हैं. एक भी शिकायत आयी, तो अगले साल पार्क भूल जाइए."

दुसरा असता तर हिरमुसला असता. मोडक खूश! माइकच नाही, म्हणजे गाणं जिथवर पोचेल तिथवरच माणसं बसणार. मग किती माणसं बोलवायची ते मोजता येईल. लतिकाला त्यांनी कडुलिंबाखाली बसवलं आणि गा म्हणाले, मग स्वतः पाऊल मोजत मागं मागं निघाले. ती भजन म्हणत होती. चौदाव्या पावलाला थांबून ओरडले, "इथं आवाज संपला!"

"संपला कसला? कुकरची शिट्टी झाली म्हणून मी थांबले!"

पुन्हा मोजलं तरी पंधरा-सोळाच्या पुढं काही गेलं नाही, म्हणून चौदा पक्कं झालं. चौदा पावलांवर चुन्याची अर्धगोल रेघ. आत प्रत्येकाला एक सतरंजी आणि दोन सतरंज्यांत एक फूट अंतर. हिशेबानं ऐंशी माणसं. एक्याऐंशीवं आलं तर रिजेक्ट.

पहिल्या वर्षी आली अकरा. त्यातही दोघं वॉकला निघालेले, वाट चुकून. पण दिल्लीकडची थंडी ती, सकाळी सातला दात वाजायला लागले तशी लतिका वर गेली आणि घरातल्या होत्या नव्हत्या त्या रजया घेऊन आली. पुढच्या वर्षीपासून रिवाजच पडला, ज्यानं त्यानं आपली रजई घेऊन यायचं. गुलाबी फुलांच्या, वेलबुट्टीच्या, कापूस गोळा झालेल्या. लोक अंगभर रजई लपेटून नुसतं नाक बाहेर काढून भैरव ऐकायचे. गाणारे कोण? शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई, रेडिओतून रिटायर झालेले एक सारंगीवाले, पानिपतचा एक कांबळ्यांचा व्यापारी, जो बासरी अशी वाजवायचा की त्याच्याकडून माल घेताना भाव करायला लाज वाटावी. गवई सेक्टरातल्याच कुणाच्या तरी घरी उतरायचे, त्यांच्याच ताटात जेवायचे. गाणं संपलं की श्रोते सतरंज्या झटकून ठेवायचे आणि मोडकांच्या घरी पोह्यांची रांग लागायची. चार वर्षांत ऐंशी भरले. मोडकसाहेबांची छाती ऐंशी इंच.

आणि मग दोन हजार चार साली त्यांच्या लाडक्या लेकीनं, मयुरानं, घोटाळा केला.

मयुरा गुडगावला, काचेच्या एका उंच इमारतीत नोकरीला होती. तिनं ऑफिसातल्या वीसेक मराठी मंडळींना ई-मेल केली: आमच्या बाबांचं संमेलन आहे, जरूर या. ऐंशीचं काही लिहिलं नाही. त्या वीसजणांनी ती पुढं ढकलली, त्या पुढच्यांनी आणखी पुढं. शेवटी त्या मेलचा प्रवास कुठंकुठं झाला देव जाणे. रविवारी पावणेसातला मोडक पार्काच्या फाटकाशी आले तर रस्त्यावर गाड्यांची रांग. धुक्यातून माणसं येतच होती. लेदर जाकिटं, उंच टाचा, हातात गाडीच्या चाव्या. रजई एकाकडेही नाही.

"एक्स्क्यूज मी अंकल, पास कुठं मिळतील?"

"कॉफी काउंटर किधर है?"

मोडकांनी मोजलं. आत बसलेले धरून दोनशे सहा.

"मयुरा!"

"बाबा, मला वाटलं, जास्त लोक आले तर तुम्हाला आनंदच होईल यार!"

"मला यार म्हणू नकोस!"

आत आपली ऐंशी माणसं रजया पांघरून शिस्तीत बसली होती. तख्तावर वल्लरी तानपुरा लावत होती. तिशीची, दिल्लीतल्या एका शाळेत संगीत शिकवणारी, पण भीती नावाची वस्तू तिच्या घरात कधी आलेलीच नसावी. आज ती तोडी गाणार होती, पूर्ण, सव्वा तास. त्यासाठी मोडकांनी पाच वर्षं वाट पाहिली होती.

त्यांनी चुन्याच्या रेघेवर दोरी धरली आणि एकेकाला परतवायला लागले. "सॉरी, जागा भर गयी. सॉरी." एक मुलगी म्हणाली, आम्ही पहाटे साडेपाचला निघालो अंकल, नाशिकची आहे मी, दोन वर्षांत घरी गेले नाहीये. मोडकांनी मान खाली घातली पण दोरी सोडली नाही. मागून कुणीतरी वैतागून ओरडलं, "अरे माइक लगा दो भाई, यहीं से सुन लेंगे!" दुसऱ्यानं री ओढली. तिसऱ्यानं गाडीचा हॉर्न दिला.

आणि चड्ढाजी उतरले. डोक्यावर माकडटोपी, हातात काठी. "मोडक साहब! ये क्या, मेला लगा दिया? अभी तक किसी ने शिकायत नहीं की. एक की, तो बस. मैंने पाँच साल पहले ही बोला था."

मोडकांचा चेहरा त्या धुक्यासारखा झाला. माइक लावला तर पार्क गेलं. नाही लावला तर हे सव्वाशे लोक गोंगाट करणार, म्हणजे पार्क गेलंच. हाकलून दिलं तर भांडणं, भांडणांतून शिकायत, पुन्हा तेच.

लतिका त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, दोरी काय शोभतेय तुम्हाला. फक्त खाकी टोपी राहिली. आणि विचारा सगळ्यांना, पास आहे का पास."

हे लागलं. इतकं लागलं की त्यांनी आधी तिच्याकडे रागानं पाहिलं, मग हातातल्या दोरीकडे.

तेवढ्यात तख्तावरून वल्लरी म्हणाली, "काका, अडवताय कशाला? जवळ घ्या की सगळ्यांना. लोक लांब बसले की मला जोर लावावा लागतो. चिकटून बसले तर मी हळू गाईन."

"पण वल्लरी, ऐंशीचं माप आहे. दोन सतरंज्यांत एक फूट—"

"एक फूट कशाला हवंय? मध्ये काय ट्रॅक्टर जाणार आहे?"

ऐंशी रजया खदाखदा हसल्या. मोडक हसले नाहीत. ते मोजत होते. ओठ हलत होते त्यांचे. रजई पाच फूट, माणसं तीन, मांडीला मांडी... मग दोरी खाली टाकली आणि हात वर करून, कारखान्यात शिफ्ट बदलताना द्यायचे तसा आवाज दिला:

"सरको! सब लोग आगे सरको! एक रजाई में तीन आदमी! उठा, कुलकर्णी, पाय जवळ घ्या, हा काय तुमचा पलंग आहे? ए जाकिटवाले भैया, इधर, आंटी के बाजू में. जूते बाहर!"

बघता बघता सगळं पार्क आत सरकलं. कॉल सेंटरमधला एक मुलगा दोन पंजाबी मावश्यांच्या मध्ये असा बसला की नुसत्या त्याच्या चष्म्याच्या काचा दिसत होत्या, आणि त्या मावश्या त्याच्या आईची चौकशी करत होत्या. काही रजयांत तिघं मावेनात तशी लतिका सरळ चड्ढाजींच्या घरी गेली आणि त्यांच्या बायकोची लग्नातली लाल मखमली रजई मागून आणली. एवढी मोठी की तिच्यात सहाजण मावले. रजई रेघेच्या आत गेली तसे तिच्यामागं चड्ढाजीही आत आले. "मखमल है, दाग लग जाएगा," असं पुटपुटत ते तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून तिच्यातच शिरले.

वल्लरीनं भैरव थोडक्यात आटोपला आणि तोडीचा पहिला गंधार लावला. हळू. इतका हळू की दोनशे माणसांनी श्वास धरला. जोर लावायची गरजच नव्हती तिला. मोडक मागं उभे होते, कान टवकारून, शेवटच्या माणसापर्यंत पोचतंय की नाही ते तपासत. पोचत होतं.

सव्वाआठच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरची खिडकी खाडकन उघडली. गुलाटी. विस्कटलेले केस, अंगात बनियन. "चड्ढाजी! संडे के दिन क्या तमाशा है? मुझे शिकायत करनी है!"

मोडकांनी वर पाहिलं. वल्लरी गात राहिली, पण तिनंही डोळे उघडले. चड्ढाजी लाल रजईतून बाहेर आले, काठी टेकत खिडकीखाली गेले. ते वर मान करून दबक्या आवाजात म्हणाले, "शिकायत लिखित में दे. नीचे आ के दे. और सुन, अपनी रजाई ले के आ, ठंड है."

गुलाटी पाच मिनिटांनी आला. रजई होती. शिकायत लिहायला बहुतेक पेन सापडलं नसावं.

परत जागेवर जाता जाता चड्ढाजी मोडकांच्या कानाशी थांबले. "अगले साल दिवाली के टाइम ही बता देना. गुलाटी को मैं पहले से समझा दूँगा."

आता सगळे बसले होते, एकटे मोडक सोडून. स्वतःसाठी जागा मोजायला ते विसरले होते! लतिकानं आपल्या रजईचा काठ उचलला आणि डोळ्यांनीच दटावलं. ते कसेबसे घुसले, अर्धी पाठ बाहेर थंडीत. दुसऱ्या बाजूला ती नाशिकची मुलगी होती. तिचे डोळे भरून आलेले. तिनं हळूच विचारलं, "अंकल, हा कुठला राग?"

मोडकांनी तोंड उघडलं. थाट, वादी-संवादी, कोमल गंधार कसा लावायचा, अठ्ठ्याण्णव सालचा आयोजक, सगळं ओठांवर आलं. लतिकानं रजईखालून जोरात चिमटा काढला.

"तोडी," ते म्हणाले. आणि चक्क तिथंच थांबले.