आई घरी होती तो हिवाळा

दसरा झाला की अंजनाचे आईबाप ऊसतोडीला जात आणि अंजना मागं राही. शिरूर कासारपासून आडवाटेला, माळावरच्या धनगरवस्तीत त्यांचं पत्र्याचं घर होतं. दारात दोन म्हशी आणि थोडी शेरडं होती, ती सांभाळायला कुणीतरी हवंच. गावातल्या शाळेत दहावी झाली तोवर निभलं. पण अकरावीला रोज तालुक्याला जायचं, तर जनावरांकडं कोण बघणार? अंगणवाडीच्या सत्यभामाबाईंनी वाट काढली. त्यांनी तिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला, कुणाकुणाची जुनी पुस्तकं गोळा केली आणि म्हणाल्या, "घरीच अभ्यास कर, बाहेरून बारावी दे. अडलं तर माज्याकडं ये."

तेव्हापासून अंजनाची शाळा घरातच भरू लागली. सकाळी शेणघाण, धारा, मग दूध सोसायटीत दूध घालून यायचं. उन्हं वर आली की उंबऱ्यात बसून वाचायचं. दुपारी शेरडांमागं जाताना ओढणीत पुस्तक बांधून घ्यायचं. हजेरी घ्यायला कुणी नव्हतं आणि चुकलं तर सांगायलाही कुणी नव्हतं. सोबतीला केसरबाई आत्या झोपायला यायची, पण तिला पुस्तकाचा वैताग. "डोळे फोडून काय मिळतंय गं?" एवढं म्हणून ती कुशीवर वळायची.

मग ते दुष्काळाचं साल आलं. माळ जळून गेला, ऊस उभा वाळला. मुकादम टोळी जमवायला फिरकलाच नाही. अंजनाचा बाप म्हाळू दोन्ही म्हशी घेऊन कडा गावाकडं एका सहकारी संस्थेनं उघडलेल्या चारा छावणीवर गेला. जनावरांजवळ माणसानं राहायचं असा तिथला नियम, त्यामुळं तो तिकडंच राहिला. आई, साखराबाई, घरी थांबली.

कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच हिवाळ्यात आई घरात होती. चुलीपुढं तिची पाठ दिसायची, अंगणात तिच्या खोकल्याचा आवाज यायचा. लोक आभाळाला शिव्या द्यायचे आणि अंजनाला मनातून बरं वाटायचं. बरं वाटतं म्हणून लाजही वाटायची.

साखराबाईला अक्षर येत नव्हतं. पण भाकरी थापता थापता ती म्हणायची, "मोठ्यानं वाच की. मला बी ऐकू दे." अंजना वाचायची आणि आई मधेच हात थांबवून विचारायची.

"त्या नेपोलियनला माय व्हती का गं?"

"आसंलच की."

"मग त्या बेटावर टाकला तवा तिनं काय केलं? ते न्हाई का लिहिलं?"

अंजना हसायची. पण तो धडा मग तिच्या डोक्यातून हलायचा नाही. तिचा एक विषय सहकार होता. त्यात 'एक सभासद, एक मत' आलं, तेव्हा साखराबाईनं पीठ लागलेले हात गुडघ्यावर ठेवले.

"दूध सोसायटीत तुज्या आबाचं बी नाव हाय. त्यांनी कवा मत दिलंय?"

"बबनराव चेअरमन सांगत्यात तिथं आंगठा करत्यात सगळे."

"मग ही पुस्तकातली कुठली सोसायटी हाय?"

"परीक्षेतली," अंजना म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

माघ लागला तशी विहीर पार बुडाला गेली. दुपारी टँकर यायचा आणि तिच्यातच पाणी ओतून निघून जायचा. मग बायाबापड्या कडेला गर्दी करून दोरानं घागरी शेंदायच्या. विहिरीला कठडा नव्हता. कठडा बांधायचं बबनराव दरसाल बोलायचे.

इंग्रजीचा पहिला पेपर जवळ आला होता. टँकरचा हॉर्न वाजला तशी अंजना घागर घेऊन उठली. आईनं तिच्या हातातून घागर काढून घेतली.

"तू बस. पेपर हाय तुजा."

"माय, दोन खेपा मी करते. गर्दी लई आसती."

"बस म्हणलं ना. इंग्रजी मला न्हाई समजत, त्यात माजी मदत न्हाई. पाणी तरी आणू दे."

अंजना बसली. थोड्या वेळानं विहिरीकडून गलका ऐकू आला. रोजचंच भांडण असंल, नंबरावरून जुंपली असंल, असं तिला वाटलं. वाचताना शब्द सुटत होते, म्हणून तिनं उठून दार लावून घेतलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

ते दार सत्यभामाबाईंनी येऊन ढकललं. त्यांच्या पायात चप्पल नव्हती.

सांडलेल्या पाण्यानं कड निसरडी झाली होती. मागून रेटा आला आणि साखराबाईचा पाय गेला. विहिरीत पाणी कमरेएवढंही नव्हतं, खाली नुसते दगड. बाजेला दोर बांधून तिला वर काढलं तेव्हा हातात दोराचा तुकडा तसाच घट्ट धरलेला होता. अंजना रडली नाही. ती आईच्या लुगड्याचा ओला पदर पिळत बसली, पुन्हा पुन्हा, सत्यभामाबाईंनी हात धरेपर्यंत.

म्हाळू छावणीवरून दुधाच्या टेम्पोनं आला. रक्षा सावडायच्या दिवशीच इंग्रजीचा पेपर होता. "सुतकात कुठं पेपर देत्यात?" आत्या म्हणाली, आणि पेपर बुडाला. अंजनाला त्याचं काही वाटलं नाही. पुस्तकं तिनं पोत्यात घालून पोत्याचं तोंड बांधलं होतं.

पुढच्या पेपराच्या सकाळी बापानं ते पोतं सोडलं. कुठलं पुस्तक घ्यायचं हे त्याला कळेना, म्हणून सगळीच काढून तिच्यापुढं मांडली.

"ऊठ, बाई."

"आबा, नगं. मी तवा दार लावून घेतलं व्हतं."

"ठावं हाय मला. सत्यभामानं सांगितलं." त्यानं पुस्तकं तिच्याकडं सरकवली. "तुज्या मायनं तुला कशापायी बसवलं व्हतं? दार उगडून बघायला न्हाई बसवलं. चल."

त्यानं तिला शिरूरला नेलं. पेपर सुटेपर्यंत तो केंद्राच्या फाटकाबाहेर, डोकं भादरलेलं, उन्हात बसून राहिला. पुढच्या प्रत्येक पेपरालाही तसाच. सहकाराच्या पेपरात सभासदाच्या मताचा प्रश्न आला. अंजनाला पीठ लागलेले हात दिसले आणि अक्षर पुसट झालं. शेजारच्या पोरीनं वळून बघितलं. अंजनानं ओढणीनं तोंड पुसलं आणि पुस्तकात होतं तसं उत्तर लिहून काढलं.

परीक्षा संपली आणि आत्यानं विषय काढला. मायबापातलं कुणी गेलं तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं.

"तू जाणार छावणीवर, मग तोडीला," ती भावाला म्हणाली. "वयात आलेली पोर एकटी कुठं ठेवणार?"

म्हाळू बरेच दिवस नाही म्हणून मान हलवत राहिला. शेवटी अंजनाच म्हणाली, "आबा, करा." शिकायचं नव्हतं असं नाही. पण त्या घरात रोज ते दार उघडायचं आणि लावायचं तिच्याच्यानं होईना.

मे महिन्यात नांदूरघाटाकडच्या सटवाशी तिचं लग्न झालं. वऱ्हाड निघालं तेव्हा विहिरीवर गवंडी काम करत होते, कठडा कमरेइतका वर आला होता. बैलगाडी तिथून वळली. अंजनानं मान वळवली नाही.

निकाल सासरी कळला. सगळे विषय निघाले होते, इंग्रजीपुढं गैरहजर. सटवा स्वभावानं बरा होता. ऑक्टोबरातल्या फेरपरीक्षेला त्यानं स्वतःच तिला मोटारसायकलवर नेलं. त्या साली पाऊस होऊन ऊस तगला होता, म्हणून पेपर संपताच दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला गेले.

तिकडंच, एका दुपारी, उसाच्या फडात मोळ्या बांधताना सत्यभामाबाईंचा फोन आला. "अंजना, सुटलीस गं! काठावर का हुईना, पास झालीस!"

"काय झालं?" सटवानं कोयता थांबवून विचारलं.

"बारावी झाले."

"झ्याक झालं की!" तो मनापासून म्हणाला. सरीतल्या बायांना त्यानं ओरडून सांगितलं. त्याही हसल्या, एकीनं तिच्या पाठीवर थाप मारली. मग सगळ्या पुन्हा कामाला लागल्या, कारण ट्रॅक्टर भरायचा होता.

अंजनानं बापाला फोन लावला. तो यंदा तोडीला न जाता म्हशींजवळ घरीच राहिला होता. तो उचलायला वेळ लागला.

"आबा, पास झाले."

पलीकडं म्हशींच्या गळ्यातल्या लोढण्याचा आवाज येत राहिला. मग त्याचा हुंदका ऐकू आला. अंजना वाढ्यांच्या, उसाच्या तोडलेल्या शेंड्यांच्या ढिगावर बसली आणि फोन कानाला धरून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडली.