अनोळखी रक्त

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचं हृदय लुकलुकत होतं आणि डॉक्टर मॅडम सांगत होत्या की बाळाच्या अंगातलं रक्त कमी होत चाललंय, ते पोटातच द्यावं लागेल. मी लगेच बाही वर सारली.

"माझं घ्या. बाप आहे मी."

"तुमचं नाही चालणार," त्या म्हणाल्या. "बाळाने तुमचाच पॉझिटिव्ह गट घेतलाय आणि आईचं शरीर त्या रक्तालाच परकं समजून नष्ट करतंय. आईच्या रक्ताशी जुळणारं निगेटिव्ह रक्त हवं."

"म्हणजे मीच माझ्या बाळाला...?" माझी बायको मेधा म्हणाली. तिचा हात पोटावरच होता.

रक्तपेढीने मेधाच्या रक्ताशी ताडून एक पिशवी निवडली. कुणा अनोळखी माणसाचं ते रक्त सुईवाटे बाळापर्यंत पोचलं. माझं परकं ठरलं आणि त्याचं चाललं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

मुलगी सुखरूप जन्मली. रक्तगट तपासला तर निगेटिव्ह, त्या दात्याचाच. "काही महिन्यांत तिचं स्वतःचं पॉझिटिव्ह रक्त तयार होईल," मॅडम म्हणाल्या.

नाक माझ्यावर गेलंय, असं सगळे म्हणतात. मी मात्र तिच्या गालांवरची लाली बघत बसतो आणि आभार कुणाचे मानावेत तेच कळत नाही.