मंडळीचा कोट

आमच्या मंडळीत नवरदेव पुष्कळ झाले. कोट मात्र एकच होता.

काळा, लोकरीचा, कधीकाळी एका आधीच्या पाळकसाहेबांनी बदली होऊन जाताना दिलेला. कडेगावाकडची आमची अकरा ख्रिस्ती घरं, आणि लग्न कुणाचंही असो, नवरा त्याच कोटात देवळात उभा राहायचा. (लठ्ठ्यानं श्वास रोखायचा, काटकुळ्यानं आत दोन सदरे चढवायचे!) कोट सांभाळायचं काम माझ्या बाबांकडे. कडुनिंबाचा पाला घालून ते तो आमच्या ट्रंकेत जपायचे. लग्न लागून पंगत बसली, की पहिली हाक त्यांचीच, "आधी कोट काढ रं! रस्सा सांडंल!" एकाही नवऱ्याला त्यांनी कोटात घास घेऊ दिला नाही.

लढाईचे दिवस, कापड रेशनवर. पुढच्या गुरुवारी योहानचं लग्न होतं, आणि बाबा तीन दिवसांच्या तापात गेले.

पाळकसाहेब म्हणाले, "चांगलं काय असेल ते घाल त्यांच्या अंगात." मी रडत रडत ट्रंक उघडली. आमच्या घरात चांगली वस्तू एकच होती, आणि ती आमची नव्हती! पण तेव्हा एवढं सुचतंय कुणाला? बाबा रोज झटकतात, म्हणजे बाबांचाच, असं धरून मी तो घातला. वरून पांढरी चादर.

ओढ्याकाठच्या कबरस्तानात शेवटचं तोंड बघायला चादर खाली ओढली. पेटीचा दोर धरून योहानच उभा होता. तो ओरडलाच,

"आवं, ह्यो तर माझा कोट!"

गीत मध्येच थांबलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"गुरुवारी मिरजेचं पाव्हणं येत्यात!" योहानची आई मार्थाकाकू कडाडली. "पोरगं काय उघडं उभं करू? काढ तो कोट!"

पेटी अजून उघडी होती. मी वाकलो. पहिलं बटण निघाल्यावर दुसरं काही निघेना. तेवढ्यात योहाननं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं गड्या. जलमभर आमच्या अंगावरनं काढला. सवता कवा घातला व्हता का त्यांनी?"

मग मार्थाकाकूच नाक ओढत पुढं आली आणि ते निघालेलं बटण तिनं नीट लावून टाकलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडलो.

गुरुवारी योहान पाळकसाहेबांच्या कोटात उभा राहिला (त्यात दोन योहान मावले असते!) आणि पाळकसाहेबांनी नुसत्या सदऱ्यावर लग्न लावलं. मिरजेच्या पाव्हण्यांना वाटलं, इकडची रीतच तशी!

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. पाळकसाहेबांचा कोट मागायला मला तोंडच नव्हतं, म्हणून सदऱ्यावरच उभा राहिलो. पंगतीत बसलो, पान वाढलं गेलं, आणि मी आपला हाकेची वाट बघत बसलो. हाक आली नाही. पहिल्याच घासाला रस्सा सदऱ्यावर सांडला. कुणी ओरडलं नाही. बाबा गेले हे मला त्या दिवशी खरं कळलं, आणि भर पंगतीत मी हंबरडा फोडला.

शेजारी नवी नवरी. लग्नाला तासही झाला नव्हता. ती बिचारी घाबरून हळूच म्हणाली,

"आवं, एवढी वाईट हाय का मी?"