सासऱ्यांनी राखून ठेवलेला निकाल

माझे सासरे उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी घरात कुणी त्यांना सांगितली नव्हती. जपानात, फुनाबोरीच्या आमच्या दोन खोल्यांत ते तीन महिन्यांसाठी आले आणि तिसऱ्याच दिवशी कचरा वेगळा करण्याच्या नियमांचा अर्थ लावायला बसले. चहाच्या पिशवीचा दोरा कुठल्या डब्यात, यावर त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. दोन्ही बाजू ते स्वतःच मांडत होते.

त्याच दिवसांत मला योकोहामातल्या एका कंपनीचं नोकरीसाठी पत्र आलं. काम इंग्रजी करार तपासायचं. लग्नाआधी मी पुण्यात वकिली करायचे. नवऱ्याच्या संशोधनापायी इथे आले आणि आठ वर्षं डबे भरले. होकार शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा होता.

"बाबांना विचारूया ना," नवरा म्हणाला. "त्यांना बरं वाटेल."

त्यांच्या घरची पद्धतच ती. मुंजीपासून मिक्सरपर्यंत सगळं बाबांपुढे ठेवायचं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यांच्या तोंडून एकदा "जा" ऐकायचं होतं.

मंगळवारी जेवणाच्या टेबलावर सुनावणी झाली. नवऱ्याने हरकत घेतली, मुलगी शाळेतून आल्यावर तिच्याकडे कोण बघणार? मी म्हटलं, शाळेतच संध्याकाळपर्यंत सोय आहे. मग सात वर्षांच्या मुलीची साक्ष काढली. ती नेहमीप्रमाणे जपानीत बोलली.

"आईने जावं म्हणतेय," मी भाषांतर केलं.

"दुभाषी स्वतःच पक्षकार आहे," बाबा म्हणाले. "ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही."

नवरा कौतुकाने हसला. मी पोळ्या वाढल्या.

बाबांनी चष्मा काढून ठेवला. "निकाल राखून ठेवतो."

"बाबा, शुक्रवारी पाचला मुदत संपतेय."

"मुदतीचं दडपण न्यायासनावर आणायचं नसतं, सूनबाई."

बुधवारी ते विचार करत फिरायला गेले. गुरुवारी विचार करत झोपले. शुक्रवारी चार वाजता मी होकाराची मेल लिहून ठेवली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "लिहितोय," ते मान वर न करता म्हणाले. पाच वाजून गेले. सहाला मी मेल पाठवली. सोमवारी उत्तर आलं. तीनदा माफी मागून, अतिशय नम्रपणे, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं.

मंगळवारी निकालाचं वाचन झालं. सात पानं, सुवाच्य अक्षर. स्त्रीच्या स्वातंत्र्यावरचा परिच्छेद तर इतका सुरेख की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निकाल पूर्णपणे माझ्या बाजूने लागला होता.

"बाबा, ती नोकरी गेली."

त्यांनी पानं जुळवून नीट ठेवली. "तो मुद्दा या निकालाच्या कक्षेत येत नाही."

संध्याकाळी त्यांनी पुण्याला आपल्या बहिणीला फोन लावला. "सुनेला नोकरीची परवानगी दिली मी. हल्ली बायकांना अडवून चालत नाही." मी शेजारीच भाजी चिरत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. शुक्रवारी पाचला लॅपटॉप माझ्याच पुढ्यात उघडा होता.