चार मॉड्यूल आणि एक कूलर

गिटार वाजवणाऱ्या माणसाने ट्यूब ॲम्प्लिफायरच्या नादी लागू नये. लागलाच, तर ज्याची प्रीॲम्प मॉड्यूल बदलता येतात असला तरी घेऊ नये. मी नेमका तोच घेतला.

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत लालसर पेटायच्या त्या काचेच्या नळ्या. मॉड्यूल म्हणजे अशीच एक नळी बसवलेली लहानशी डबी. ती ॲम्पच्या पोटात खोचायची. गिटारचा बारीक आवाज आधी तिच्यातून जातो आणि गोडवा किंवा कर्कशपणा त्याला तिथेच चिकटतो. डबी बदलली की आवाज बदलतो. विकणाऱ्यांनी वर्णनं अशी लिहिलेली की मिठाईचं दुकान परवडलं. एक म्हणे मलईदार, एक म्हणे काचेसारखं स्वच्छ, एक धारदार, एक उबदार. मी चारही मागवली. उबदार होतं ते गोधडीखालून कण्हल्यासारखं वाजलं आणि पहिल्याच दिवशी कपाटात गेलं. मलईदारात मलई नव्हती. काचेसारखं तर जेमतेम ऐकू येत होतं. त्यातल्या त्यात धारदार बरं वाटलं, म्हणून त्याच्याच मागे लागलो.

हे सगळं बायकोसाठी चाललंय, असं मी भेटेल त्याला सांगायचो, आणि ते खरंही होतं. आम्ही नागपूरच्या बेसा भागात राहायला आलो तेव्हापासून बुद्ध पौर्णिमेला ती आमच्या विहारात गाते, साथीला मी. गेल्या वर्षी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि ती गायली नाही. यंदा तिने स्वतःच विहारात जाऊन सांगितलं होतं, "गाऊन पाहीन. नाही जमलं तं माइक विहारातल्या पोरींनी घ्यावा. मग मी पुन्हा उभी नाही राहणार." ती बोलते तसं करते. म्हणजे तिचं गाणं राहतं की जातं, ते त्या एका दिवशी ठरणार होतं. आणि मला वाटत होतं की ते माझ्या ॲम्पवर ठरणार आहे.

घरी सराव सुरू झाला की तिचं एकच म्हणणं, "माझा आवाज बसून नाही राहिला याच्यात. सूर खाली घ्या ना."

"तुझ्या आवाजाले काय झालं?" मी म्हणायचो. "होता तसाच तं आहे. ॲम्पच दबून राहिला." आणि पुन्हा ॲम्प उघडायचो.

उघडणं म्हणजे नुसता कटकटीचा कारभार. आधी प्लग काढा, मग आत साठून राहिलेला करंट उतरवा, कारण बंद असतानाही तो जिवावर बेतेल असा झटका देतो. मग मॉड्यूलमधला एक कपॅसिटर काढून लहान घाला म्हणजे आवाजाचा जाडपणा कमी होतो. दुसरा एक जोडा म्हणजे वरचे स्वर उठून येतात. वर मे महिना, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, आणि चष्म्यावर घामाचे थेंब. एवढं करून वाजवावं, तर आवाज आपला दबलेलाच!

सल्ले द्यायला मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ मौद्याहून यायचा, कूलरसमोरची खुर्ची बळकावायचा आणि खरबुजाच्या फोडी खात निकाल द्यायचा.

"भाऊजी, चमक नाही येऊन राहिली अजून."

"काहून गा? आत्ताच तं वाढवली."

"अजून वाढवा. गिटार कशी निघून आली पाहिजे!"

मी वाढवली. ते मॉड्यूल इतक्यांदा उघडलं की त्याचे स्क्रू सैल झाले. शेवटी एकदा मेहुण्याने मान डोलावली, मीही डोलावली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली, तरी तिला पसंत आहे असं आम्ही धरून चाललो.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी विहारात ट्रायल घेतली. तिथला कूलर कार्यक्रमाच्या वेळी बंदच ठेवतात, नाहीतर त्याची घरघर माइकात घुसते. हॉल अगदी शांत होता. मी तार छेडली आणि दाराशी फुलं निवडत बसलेल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. फरशीवर स्टीलचं ताट ओढावं तसा आवाज. एक आजी म्हणाल्या, "हे काय कान फाडून राहिलं गा तुहं मशीन?"

बायकोने एक ओळ म्हटली. दुसरी अर्ध्यावर सोडली. माइक ठेवून म्हणाली, "पोरींनाच गाऊ द्या," आणि चपला घालून निघाली.

"घरी तं बरा वाजे," मेहुणा पुटपुटला. त्याला तिथेच फाडून खावंसं वाटलं.

ॲम्प उचलून मी आणि मेहुणा घरी पोहोचलो, दार उघडलं आणि कूलरची घरघर अंगावर आली. होळीपासून तो चालूच होता. आमच्या नागपुरात एकदा कूलर लागले की पाऊस येईपर्यंत त्यांचा आवाज कुणाच्या कानावर पडत नाही. बंद पडला तरच कळतं की तो होता. खडखडणारा पंखा, पंप, वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारं पाणी, या सगळ्याच्या वर गिटार ऐकू यावी म्हणून मी महिनाभर कपॅसिटर बदलत बसलो होतो. आणि मेहुणा तर कूलरच्या तोंडाशी बसून निकाल देत होता! इतका संताप आला की बटण न दाबता मी प्लगच उपटला.

"काहून बंद केला, भाऊजी? जीव घेता का?"

त्याच्याकडे लक्ष न देता मी कपाटातलं उबदार मॉड्यूल काढलं, बसवलं, वाजवलं. भरलेला, निवांत आवाज आला. पहिल्या दिवसापासून ते बरोबर होतं, याचाही रागच आला.

"एकदा गा," मी बायकोला म्हणालो. "मग नाही म्हण."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गायली, नेहमीच्याच सुरात. आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी तिचा आवाज ऐकला. वरच्या स्वराला तो फाटत होता. ती पोहोचायला बघत होती आणि गळा नाही म्हणत होता. होता तसाच आहे, असं मी महिनाभर कुणाच्या आवाजाला म्हणत होतो?

ती थांबली. "ऐकलं?"

"हो."

"कसा आहे?"

"वर नाही जात," मी म्हणालो.

"मग?"

मी सूर खाली घेतला. ती पुन्हा गायली. खाली तिचा आवाज जड होता, थोडा खरखरीत, पण कुठे अडत नव्हता. असा तो मी आधी कधी ऐकलाच नव्हता. खोली भट्टीसारखी तापली होती, तरी गाणं संपेपर्यंत मेहुण्याने कूलरचं नाव काढलं नाही.

"हेच तं मी महिनाभर सांगून राहिली," ती म्हणाली. मग ओढणीने तोंड पुसत तिने विहारात फोन लावला.

"पोरींना सांग वं, उद्या माइक मलेच लागते."